पैसा येतो कुठून?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

रोजचं वर्तमानपत्र आपण कसं वाचतो, ते जरा आठवून पाहा. आधी पहिलं पान, मग खेळाचं पान, वेळ असेल तर अग्रलेख. अर्थविषयक पान आलं, की बहुतेकांची बोटं ते चटकन उलटतात. बारीक टायपातले आकडे, टक्केवारी, कुठल्याशा कंपनीचा तिमाही नफा. आपल्याला काय करायचंय त्याचं, असं आपण म्हणतो. पण आपली बँकेतली ठेव, विम्याचा हप्ता, प्रॉव्हिडंट फंड, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे या सगळ्यांचं भवितव्य त्याच पानावर ठरत असतं. रस्त्यावर दरोडा पडला, तर त्याची बातमी पहिल्या पानावर येते. सही-शिक्क्यानिशी, पावती फाडून, बँकेच्या काउंटरवरून जो दरोडा पडतो, तो मात्र आपल्याला दिसतच नाही. कुणीतरी ते आकडे वाचून, त्यांचा अर्थ लावून आपल्याला सांगावा लागतो.

हे काम ज्यांनी चार दशकं केलं, त्या सुचेता दलाल यांच्या कारकिर्दीविषयी आज बोलायचं आहे. आडनावाचा योगायोग मोठा गमतीचा आहे. शेअर बाजारातल्या दलालांचं बिंग फोडणाऱ्या बाईंचं आडनावही दलालच! म्हणून या भाषणापुरतं बाजारातल्या मंडळींना आपण ‘ब्रोकर’ म्हणू, म्हणजे घोटाळा होणार नाही. घोटाळे तसेही पुढे पुष्कळ यायचे आहेत.

सुचेताबाईंचा जन्म १९६२ सालचा. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून त्यांनी संख्याशास्त्राची पदवी घेतली आणि मग मुंबई विद्यापीठातून कायद्याचं शिक्षण घेतलं. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. संख्याशास्त्रामुळे आकड्यांची भीती जाते आणि कायद्यामुळे कागदावर लिहिलेल्या शब्दाची किंमत कळते. १९८४ च्या सुमारास त्या ‘फॉर्च्यून इंडिया’ या नियतकालिकातून पत्रकारितेत आल्या. पुढे ‘बिझनेस स्टँडर्ड’, ‘इकॉनॉमिक टाइम्स’ असा प्रवास करत त्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पोहोचल्या. अर्थपत्रकारिता हा त्या काळी बहुतांशी पुरुषांचा प्रांत होता. कंपन्यांची पत्रकं, अध्यक्षांची भाषणं, पंचतारांकित हॉटेलातल्या पत्रकार परिषदा यांच्यावरच या क्षेत्रातल्या पुष्कळ जणांचं भागत असे.

आता १९९२ सालाकडे येऊ. ज्यांची आज पन्नाशी-साठी उलटली आहे, त्यांना ते दिवस नक्की आठवत असतील. १९९१ च्या जुलैत नरसिंह राव सरकारने आर्थिक सुधारणा सुरू केल्या आणि शेअर बाजाराला पंख फुटले. १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास असलेला सेन्सेक्स १९९२ च्या एप्रिलमध्ये साडेचार हजारांच्या घरात गेला. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर काही शे रुपयांवरून नऊ-दहा हजारांपर्यंत चढला. सिमेंट तेच, कारखाने तेच, कामगार तेच, भाव मात्र कितीतरी पट! लोकलच्या डब्यात, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत एकच विषय असे. ज्यांनी उभ्या आयुष्यात पोस्टाच्या बचत खात्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, तेही शेअरचे फॉर्म भरू लागले.

या तेजीचा नायक होता हर्षद मेहता. ‘बिग बुल’ ही त्याची पदवी. वरळीच्या समुद्रासमोरचं पोहण्याच्या तलावासकटचं घर आणि त्या काळी भारतात दुर्मीळ असलेली लेक्सस गाडी यांची वर्णनं मासिकांतून छापून येत होती. शेअरची किंमत कशी ठरवावी, याचा त्याचा स्वतःचा एक सिद्धान्त होता आणि तो ऐकायला मोठमोठी मंडळी उत्सुक असत.

सगळे जण विचारत होते, ‘आता कुठला शेअर घ्यावा?’ सुचेता दलाल यांना पडलेला प्रश्न वेगळा होता, आणि तो एखाद्या घरच्या बाईला पडावा इतका साधा होता. हा माणूस एवढे शेअर विकत घेतो आहे, तर त्याच्याकडे पैसा येतो कुठून? शेअर घ्यायला रोकड लागते. बाजार वर न्यायचा तर ती रोज लागते, आणि कोट्यवधींनी लागते. ब्रोकरची दलाली कितीही धरली, तरी तिचा हिशेब या खरेदीशी जुळत नव्हता. शेअर बाजारात याचं उत्तर मिळणार नव्हतं. ते बँकांमध्ये शोधावं लागणार होतं.

२३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल यांची बातमी आली. स्टेट बँकेच्या रोखे-व्यवहारांत सुमारे ५०० कोटी रुपयांचा मेळ लागत नाही आणि बँकेने एका बड्या ब्रोकरला ती रक्कम भरायला सांगितलं आहे, असा तिचा मथितार्थ. त्या पहिल्या बातमीत हर्षद मेहताचं नाव नव्हतं, ‘बिग बुल’ एवढाच उल्लेख होता. बाजाराला काय समजायचं ते समजलं. पण जेवढं हाताशी पक्कं आहे तेवढंच छापायचं, ही शिस्त त्यात दिसते. आज अर्धवट माहितीवर नाव घेऊन ओरडणाऱ्यांनी ती बातमी जरूर वाचावी.

नेमकं घडत काय होतं, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. ते कळलं नाही, तर या बातमीचं मोल कळणार नाही.

बँकांना आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवणं बंधनकारक असतं. त्या काळी हा हिस्सा फार मोठा होता, शंभर रुपयांतले अडतीस-एकोणचाळीस रुपये. एखाद्या बँकेला चार दिवस रोकड हवी असे, दुसरीकडे ती जास्त असे. मग पहिली बँक आपले रोखे दुसरीला विकायची आणि पंधरा दिवसांनी थोड्या चढ्या भावाने परत घेण्याचं वचन द्यायची. याला ‘रेडी फॉरवर्ड’ म्हणत. नाव विक्रीचं असलं, तरी खरं म्हणजे हे रोखे गहाण ठेवून घेतलेलं थोड्या मुदतीचं कर्जच. दोन बँकांची गाठ घालून द्यायची आणि आपली दलाली घ्यायची, एवढंच ब्रोकरचं काम.

या व्यवहारात दोन भोकं होती. पहिलं भोक चेकचं. पैसे एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे जायला हवेत, म्हणून चेक बँकेच्या नावाने निघे. पण वहिवाट अशी पडली होती, की ब्रोकर तो चेक नेत असे आणि रक्कम त्याच्याच खात्यात जमा होत असे. ओळखीचा मोठा गिऱ्हाईक आहे, रोजचा व्यवहार आहे, मग विचारायचं कशाला? दुसरं भोक पावतीचं. सरकारी रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेत हाताने ठेवली जाई आणि त्याला वेळ लागे. म्हणून रोख्यांऐवजी विकणारी बँक एक पावती देत असे. ‘तुमचे रोखे आमच्याकडे आहेत, यथावकाश देऊ,’ असा तिचा अर्थ. तिला ‘बँक रिसीट’ म्हणत. ही पावती देणाऱ्या बँकेकडे मुळात रोखेच नसले, तर? तर तो निव्वळ कागद. पण त्या कागदावर शेकडो कोटी मिळत होते.

अशा पोकळ पावत्या देणाऱ्या बँकांत दोन नावं पुढे आली आणि दोन्ही आपल्या महाराष्ट्रातली होती. एक मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक आणि दुसरी बँक ऑफ कराड. आपल्या ऐपतीच्या कितीतरी पट रकमेच्या पावत्या या छोट्या बँकांच्या नावाने निघाल्या. साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी, पेन्शनरांनी ज्या बँकेत विश्वासाने पैसे ठेवले, तिचं नाव मुंबईतल्या जुगारात वापरलं गेलं. बँक ऑफ कराड अवसायनात गेली आणि १९९४ मध्ये तिचा व्यवसाय बँक ऑफ इंडियाकडे गेला. कराडच्या ठेवीदाराने दलाल स्ट्रीट कधी पाहिलाही नसेल. पण दलाल स्ट्रीट त्याच्या दारापर्यंत येऊन गेली होती.

बँकांतून असा बाहेर आलेला पैसा शेअर बाजारात ओतला जात होता. भाव वाढत, मग शेअर विकून बँकेची वेळ भागवायची आणि पुन्हा नवा पैसा उचलायचा. चाक फिरतं आहे तोवर सगळे खूश. कुणी मधेच ‘आमचे रोखे दाखवा’ म्हटलं, की चाक थांबणार. बातमीने ते थांबवलं. २८ एप्रिलला सेन्सेक्स एका दिवसात ५७० अंकांनी कोसळला. रिझर्व्ह बँकेने डेप्युटी गव्हर्नर जानकीरामन यांची समिती नेमली. तिच्या हिशेबात अडकलेली रक्कम चार हजार कोटींच्या वर गेली. १९९२ चे चार हजार कोटी, बरं का! जूनमध्ये हर्षद मेहताला अटक झाली. संसदेची संयुक्त समिती बसली, विशेष न्यायालय स्थापन झालं. आणि हेही दिसलं, की हे एकट्या हर्षदचं काम नव्हतं. इतर ब्रोकर होते, सरकारी बँका होत्या आणि शिस्तीचा टेंभा मिरवणाऱ्या परदेशी बँकाही होत्या.

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. बातमीमुळे बाजार पडला आणि हजारो साध्या माणसांची पुंजी बुडाली, मग पत्रकाराने हे करावं का? तेव्हाही असं म्हणणारे होते, आजही असतात. ज्याने मार्चमध्ये पत्नीचे दागिने मोडून शेअर घेतले, त्याला तुम्ही काय सांगणार?

त्याला सांगायला सोपं उत्तर नाही. पण दोन गोष्टी सांगता येतात. एक म्हणजे भोक बातमीने पाडलं नाही, ते आधीच पडलेलं होतं. आणखी सहा महिने ते झाकून राहिलं असतं, तर आणखी काही लाख माणसं शेवटच्या भावाला आत शिरली असती आणि आणखी कितीतरी बँकांच्या ठेवी त्यात गेल्या असत्या. दुसरी गोष्ट अशी, की मोठ्यांना खबर आधी लागते. बाहेर कधी पडायचं, ते त्यांना कळतं. वर्तमानपत्रातली बातमी हीच काय ती साध्या माणसाची खबर. ती दाबून ठेवली, तर तिचा फायदा साध्या माणसाला होत नाही, ज्यांना आधीच माहीत आहे त्यांना होतो.

१९९३ मध्ये सुचेता दलाल आणि त्यांचे सहकारी व पती देबाशीष बसू यांचं ‘द स्कॅम’ हे पुस्तक आलं. कोण जिंकलं, कोण हरलं आणि कोण निसटलं, असा प्रश्न त्याच्या उपशीर्षकातच आहे. वर्तमानपत्रातली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. चौकशी अहवाल कपाटात जातात. पण चेक कुठून कुठे गेला, कुठल्या बँकेने कुणाला पावती दिली, हे सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत एकत्र लिहून ठेवलं, की ते विसरणं कठीण होतं. अर्थपत्रकाराला ग्रंथकार व्हावं लागतं, ते यासाठी. हर्षद मेहता २००१ च्या ३१ डिसेंबरला कोठडीत असतानाच मरण पावला. त्याच्यावरचे बहुतेक खटले तेव्हा निकाली निघालेले नव्हते. न्यायालयाचं चाक मंद फिरतं, तेवढ्या काळात स्मरण टिकवायचं काम पुस्तकाने केलं.

एक मोठी बातमी दिली आणि आयुष्यभर तिच्यावर भाषणं करत हिंडले, असे लोक आपल्याकडे आहेत. सुचेताबाईंचं तसं झालं नाही. त्यांच्या कारकिर्दीचं महत्त्व मला वाटतं ते इथे आहे. घोटाळा फुटल्यावर समित्या बसतात, नियम बदलतात, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. आणि तेच भोक थोड्या अंतरावर पुन्हा पडतं. २००१ मध्ये केतन पारेखचं प्रकरण आलं. त्यातही एक छोटी सहकारी बँक होती, अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक. १९९२ मध्ये पोकळ पावत्या होत्या, २००१ मध्ये पोकळ पे-ऑर्डरी. कागदाचं नाव बदललं, युक्ती तीच. त्याच वर्षी युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’ योजनेची युनिट परत घेणं सहा महिन्यांसाठी थांबवलं आणि मराठी मध्यमवर्गाच्या कितीतरी घरांत चूल थंडावल्यासारखं झालं. निवृत्तीचे पैसे सरकारी म्हणून तिथेच ठेवलेले! दोन्ही वेळा सुचेता दलाल यांची लेखणी जागी होती. एन्रॉनवरही त्यांनी लिहिलं. ‘द स्कॅम’ची पुढची आवृत्ती त्यांनी हर्षद मेहतापासून केतन पारेखपर्यंत वाढवली.

म्हणून त्या बाजाराच्या वैरी होत्या असं कुणी समजेल, तर ते खरं नाही. २००० साली त्यांनी ए. डी. श्रॉफ यांचं चरित्र लिहिलं. श्रॉफ म्हणजे १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’वर सही करणारे आणि पुढे खुल्या उद्योगाचा पुरस्कार करणारी ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही संस्था काढणारे अर्थतज्ज्ञ. ज्या पत्रकाराला बाजारच नको असतो, तो अशा माणसाचं चरित्र लिहीत नाही. बाजार हवा, पण तो सचोटीचा हवा. तराजू हवा, पण त्याच्या पारड्याखाली मेण लावलेलं नको. ही भूमिका त्यांनी कधी सोडली नाही.

२००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी बसू आणि त्यांनी ‘मनीलाइफ’ हे नियतकालिक सुरू केलं. या निर्णयाकडे नीट पाहावं. वर्तमानपत्र आपल्याला काही रुपयांत मिळतं, कारण उरलेला खर्च जाहिरातदार करतो. अर्थविषयक पानाचे जाहिरातदार म्हणजे बँका, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं, त्यांच्याच पैशावर छापखाना चालवायचा, ही या व्यवसायाची जुनी अडचण. वेगळी चूल मांडली, की ती अडचण नाहीशी होत नाही, पण आपल्या बातमीला नाही म्हणणारा वरचा माणूस तरी राहत नाही. २०१० मध्ये त्यांनी दादरला ‘मनीलाइफ फाउंडेशन’ ही संस्था काढली. गुंतवणूक कशी करावी, फसवणूक झाली तर दाद कुठे मागावी, हे तिथे लोकांना समजावून सांगितलं जाऊ लागलं. घोटाळा झाल्यावर बातमी देण्यापेक्षा माणूस फसण्याआधी शहाणा होणं बरं, हा त्यामागचा विचार.

वेगळ्या चुलीला झळही वेगळी लागते. १९९२ च्या घोटाळ्यानंतर स्वच्छ आणि संगणकीकृत बाजार म्हणून ज्याच्याकडे पाहिलं गेलं, ते नॅशनल स्टॉक एक्स्चेंज १९९४ मध्ये सुरू झालं. २०१५ मध्ये याच एक्स्चेंजविषयी एक निनावी पत्र सुचेताबाईंकडे आलं. काही ब्रोकरांना इतरांच्या आधी, सेकंदाच्या काही अंशाने का होईना, भाव दिसतात, असा त्यात आरोप होता. त्यांनी एक्स्चेंजच्या आणि सेबीच्या वरिष्ठांना आधी प्रश्न पाठवले, उत्तरासाठी वाट पाहिली आणि ते न आल्यावर मजकूर प्रसिद्ध केला. एक्स्चेंजने १०० कोटी रुपयांचा मानहानीचा दावा लावला. एका छोट्या नियतकालिकावर शंभर कोटी! सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एक्स्चेंजला अंतरिम मनाई नाकारली, वर ५० लाखांचा भुर्दंड बसवला. त्यातले दीड-दीड लाख दोघा पत्रकारांना आणि उरलेले ४७ लाख रुग्णालयांना द्यायचे होते.

मूळ प्रकरणाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. सेबीने २०१९ मध्ये एक्स्चेंजला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. २०२३ च्या जानेवारीत अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला आणि दक्षतेत कसूर झाल्याबद्दल १०० कोटी भरायला लावले. म्हणजे आरोपांतला किती भाग टिकला, यावर वाद होऊ शकतो. पण प्रश्न विचारायला जागा होती की नव्हती, यावर आता वाद उरलेला नाही. पत्रकार न्यायाधीश नसतो. दार ठोठावणं त्याचं काम, निकाल देणं दुसऱ्याचं.

२०२० मध्ये ‘द स्कॅम’वर आधारित ‘स्कॅम १९९२’ ही वेब मालिका आली आणि नव्या पिढीला सुचेता दलाल हे नाव ठाऊक झालं. मालिका गाजली, उत्तम होती. पण मालिका पाहून हर्षद मेहताच्या तोंडचे संवाद म्हणत फिरणारी मुलंच जास्त भेटली. गाडी, बंगला, थाट लक्षात राहतो. कागद तपासत बसलेली बाई लक्षात राहायला वेळ लागतो. कराडच्या ठेवीदाराला तर मालिकेत चेहराही मिळत नाही.

आपल्या गावातल्या पतपेढीने अचानक दोन टक्के व्याज जास्त द्यायला सुरुवात केली, कुणी वर्षात दुप्पट देतो म्हणाला, कुणाचा शेअर कारण नसताना चढू लागला, तर आपण सहसा ‘किती मिळतील?’ असं विचारतो. त्याआधी ‘हा पैसा येतो कुठून?’ असं विचारायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत. आणि उद्या सकाळी वर्तमानपत्र हातात आलं, की ते बारीक टायपातलं पान उलटून टाकण्याआधी दोन मिनिटं वाचावं. आपल्यासाठी ते कुणीतरी कष्टाने लिहिलेलं असतं.